हसविणारे नाथ

संत एकनाथांचे नाव निघाले की आपले हात आपोआप जोडले जातात. ओठांवर हसू मात्र येत नाही. शाळेच्या पुस्तकांतून भेटलेले नाथ हे शांतीचे सागर. अंगावर कोणी थुंकले तरी पुन्हा गोदावरीत स्नान करून येणारे, तहानलेल्या गाढवाच्या मुखात काशीची गंगा ओतणारे, तळपत्या वाळवंटात रडणारे पोर कडेवर घेणारे. ही चित्रे आपल्या मनावर इतकी ठसली आहेत की या महापुरुषाने चारशे वर्षांपूर्वी पैठणच्या माणसांना पोट धरधरून हसविले असेल, हे सहसा ध्यानातच येत नाही. पदवीच्या वर्गात एकनाथी भागवत अभ्यासाला आले की आपण त्यातील अद्वैत शोधतो आणि भारुडांची बोळवण 'लोकवाङ्मय' या एका टिपेत करतो. मला वाटते, नाथांचे चरित्र या दुसऱ्या बाजूनेही एकदा वाचून पाहावे. या लेखात तोच प्रयत्न केला आहे.

नाथांचा जन्म पैठणचा. साल सर्वसाधारणपणे १५३३ मानतात. पैठण म्हणजे सातवाहनांची प्रतिष्ठान नगरी, दक्षिणेतील धर्मपीठ. येथील ब्रह्मवृंदाचा शब्द दूरवर मानला जाई. अशा गावात नाथांचे घराणे वारकऱ्यांचे. पणजोबा भानुदास यांनी विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती पंढरपुरास परत आणली, अशी परंपरा सांगते. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी ही दोघेही नाथ अगदी लहान असतानाच वारली आणि आजोबा चक्रपाणी यांनी पोराला वाढविले. आईबापांविना वाढलेला, म्हाताऱ्या माणसांच्या सहवासात रमणारा, कथाकीर्तन ऐकत बसणारा असा हा मुलगा होता.

पोरवयातच नाथ गुरूच्या शोधात घर सोडून देवगिरीला गेले. तेथे त्यांना जनार्दनस्वामी भेटले. हे मूळ चाळीसगावचे. दत्तभक्त असूनही व्यवसायाने किल्लेदार, तेही निजामशाहीच्या पदरी. आपल्या शहरापासून चौदा-पंधरा किलोमीटरवर उभा असलेला हा दौलताबादचा किल्ला आपण सहलीच्या निमित्ताने पाहतो, अंधारी वाट ओलांडून धापा टाकीत वर जातो आणि छायाचित्रे काढून परततो. त्याच किल्ल्यावर नाथांची काही वर्षे हिशेब लिहिण्यात गेली, ही गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही. एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागविली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही कथा प्रसिद्ध आहे. गुरूने त्यावरून बोध केला तो असा, की इतके ध्यान देवाकडे लागले तर काय होईल! पण या कथेची दुसरी बाजूही मला महत्त्वाची वाटते. फडावरची भाषा, अर्ज, ताकिदी, वसुली, हुकूम, फारसी शब्दांनी भरलेले कागद हे सारे नाथांनी तेथे पाहिले असणार. पुढे त्याचे काय झाले ते यथावकाश येईलच.

देवगिरीचीच आणखी एक आख्यायिका आहे. गुरू समाधीत असताना शत्रू चालून आला. तेव्हा नाथांनी गुरूंचे चिलखत अंगावर चढविले, त्यांच्या घोड्यावर मांड ठोकली आणि किल्ला राखला. कोणाला कळलेही नाही की आत दुसराच माणूस आहे. इतिहास या कथेला आधार देतो की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. पण लोकांनी नाथांविषयी जी कथा सांभाळली, ती दुसऱ्याचा वेष घेऊन त्याचे काम करण्याची आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नाथांच्या आयुष्यातले हे पहिले सोंग!

तीर्थाटन करून नाथ पैठणला परतले आणि गुरूच्या आज्ञेने गृहस्थ झाले. पत्नी गिरिजाबाई. मुलगा हरिपंडित; मुलीच्या वंशात पुढे कवी मुक्तेश्वर जन्मले. संन्यास न घेता, भरल्या घरात, पाहुण्यांच्या पंक्तीत नाथांनी आपले लेखन केले. रुक्मिणीस्वयंवर १५७१ मध्ये आणि एकनाथी भागवत १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाले. संस्कृत भागवताचा एकादश स्कंध प्राकृतात आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी आधी विरोध केला आणि मग त्याच ग्रंथाचा सन्मान केला, असे चरित्रकार सांगतात. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून शिरलेले पाठभेद निवडून काढणे हे हिशेबातील पै शोधण्याइतकेच चिकाटीचे काम होते.

एवढा ग्रंथभार एका जन्माला पुरेसा होता. तरीही नाथांनी सुमारे तीनशे भारुडे लिहिली, तीही सव्वाशेच्या आसपास विषयांवर. कशासाठी? माझ्या मते उत्तर साधे आहे. भागवत ऐकायला जो येई, त्याला निदान बसून ऐकण्याची सवड होती आणि बसायला जागा होती. बाजारात, नदीकाठी, गावकुसाबाहेर जी माणसे होती, त्यांच्याकडे नाथांना स्वतःच जावे लागले. रिकाम्या हाताने जाऊन चालणार नव्हते. त्यांनी हसू नेले.

भारूड या शब्दाची व्युत्पत्ती कोणी 'बहुरूढ' अशी लावतात, कोणी दोन तोंडांच्या भारुंड पक्ष्याशी जोडतात. शास्त्रार्थ काहीही असो, दोन तोंडे ही कल्पना या रचनेला शोभते. भारुडात एक तोंड संसाराचे बोलते आणि दुसरे परमार्थाचे. भजनी, सोंगी आणि कूट असे त्याचे प्रकार सांगतात. त्यांतील सोंगी भारूड हे खरे नाट्य. गायक कधी लुगडे नेसून दादल्याला कंटाळलेली बायको होतो, कधी बुरगुंड्याचे भविष्य सांगणारी भटकी बाई, कधी विंचू चावल्याने गडबडा लोळणारा माणूस, कधी वासुदेव, जोशी, गोंधळी, फकीर. टाळ-मृदंग वा ढोलकी साथीला, आणि कडव्यांच्या मधल्या जागेत पदरचे गद्य. या गद्यात गावच्या पुढाऱ्यापासून नव्या सुनेपर्यंत कोणाचीही टोपी उडते. श्रोते हसून लोटपोट झाले की शेवटच्या कडव्यात गायक अर्थाची गाठ सोडतो. विंचू म्हणजे काम-क्रोध, त्यावर उतारा सत्त्वगुणाचा. बुरगुंडा म्हणजे ज्ञानाचे बाळ.

देवगिरीवरचे कागदही येथे परत भेटतात. नाथांची अर्जदस्ते, ताकीदपत्रे, अभयपत्रे पाहावीत. देहरूपी गावाचा कारभार बिघडला आहे, वसुली थकली आहे, कामगार हुकूम ऐकत नाहीत, अशी सरकारी थाटाची तक्रार मालकाकडे, म्हणजे परमेश्वराकडे, रुजू होते. ज्याने फडावर बसून खरेखुरे अर्ज वाचले आहेत, त्यालाच ही थट्टा सुचावी. कचेरीत खेटे घातलेल्या कुणब्याला ती ऐकून किती सुख झाले असेल!

या संदर्भात एका दूरच्या देशाची आठवण होते. जपानमध्ये 'राकुगो' नावाची विनोदी कथाकथनाची जुनी कला आहे आणि ती जेथे चालते त्या रंगगृहाला 'योसे' म्हणतात. टोकियोत उएनो, शिंजुकु, असाकुसा आणि इकेबुकुरो येथे अशी रंगगृहे आजही चालतात. मी तेथील प्रयोगांची चित्रफीत पाहिली आहे. मंचावर एक उशी, तिच्यावर गुडघे मोडून बसलेला एकच कथेकरी, हातात पंखा आणि एक पंचा. पंखाच कधी काडी होऊन शेवया खातो, कधी लेखणी होतो. मान डावीकडे वळली की घरमालक, उजवीकडे वळली की भाडेकरू. एकामागून एक कलावंत येतात, लोक मनमोकळे हसतात आणि शेवटी सर्वांत ज्येष्ठ कथेकरी बसतो. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा प्रकार अवश्य पाहावा.

मला आश्चर्य वाटले ते मात्र त्याच्या उगमाचे. या कलेचा आद्यपुरुष मानला जाणारा आनराकुआन साकुदेन (१५५४–१६४२) हा बौद्ध भिक्षू होता, क्योतोच्या सेइगानजी मंदिराचा प्रमुख. प्रवचनात श्रोत्यांना डुलकी लागू नये म्हणून सांगायच्या हजारावर गमतीदार गोष्टी त्याने आठ खंडांत गोळा केल्या आणि १६२८ मध्ये तेथील अधिकाऱ्याला अर्पण केल्या. म्हणजे नाथ पैठणला भारुडे गात होते तेव्हा हा भिक्षू तरुण होता. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नसताना दोघांनी एकच ओळखले, की ज्याला उपदेश करायचा त्याला आधी हसवावे लागते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. जपानी कथा देवळातून बाहेर पडली आणि १७९८ साली एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, पहिले योसे सुरू झाले. राकुगो या शब्दातच पडण्याचा अर्थ आहे. कथा शेवटच्या विनोदावर येऊन धपकन पडते आणि संपते. भारुडाचे उलटे आहे. ते विनोदापासून सुरू होते आणि शेवटी वर चढते.

हसविण्याचे हे व्रत नाथांना महाग पडले. घरातच विरोध उभा राहिला. मुलगा हरिपंडित विद्वान आणि कर्मठ. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरी जेवावे, हे त्याला पटेना. तो रागावून काशीला निघून गेला. नाथ त्याला आणावयास गेले तेव्हा त्याने दोन अटी घातल्या. प्राकृत प्रवचन बंद, परान्न बंद. नाथांनी दोन्ही मान्य केल्या आणि ते गप्प बसले. हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागला आणि श्रोते एकेक करून पांगले. अखेर मुलाचेच डोळे उघडले, असे महिपतीसारखे चरित्रकार लिहितात. त्यातला चमत्कार सोडून दिला तरी मुद्दा उरतोच. ज्यांच्यासाठी नाथ बोलत होते त्यांना त्यांची भाषा हवी होती, आणि ती काढून घेताच ती माणसे निघून गेली. मुलाच्या प्रेमापोटी स्वतःची वाणी मिटून बसलेला तो बाप मला थुंकी सोसणाऱ्या नाथांहून अधिक हेलावून टाकतो.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळते. नाथांच्या भारुडांत 'जोहार' नावाच्या अनेक रचना आहेत. जोहार म्हणजे त्या काळी महाराने गावच्या मालकाला घालावयाचा मुजरा. या रचनांत नाथ महार होऊन बोलतात. गावाची झाडलोट करणारा, खबर देणारा महार ब्राह्मणालाही ज्ञान सांगतो. सोळाव्या शतकातील पैठणात एका ब्राह्मणाने हे सोंग घेणे सोपे नव्हते. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढल्याची कथा आणि त्यावरून पेटलेला ब्रह्मवृंदाचा संताप आपणांस ठाऊकच आहे. हिंदू-तुर्क संवादात तर त्यांनी दोन धर्मांच्या माणसांना एकमेकांची यथेच्छ टिंगल करू दिली आणि शेवटी गळाभेट घडवून आणली.

युवक महोत्सवासाठी आमच्या गटाने भारूड बसवायला घेतले, तेव्हा प्रथम जोहारच निवडला होता. तालमीच्या दुसऱ्या दिवशी एका वर्गमित्राने शांतपणे सांगितले, की त्याच्या आजोबांना गावात खराखुरा जोहार घालावा लागत असे. त्यामुळे टाळ्यांसाठी घातलेला जोहार त्याला बघवणार नाही. त्याने एक वाचनही आमच्यापुढे ठेवले. १९३५ साली प्रभात कंपनीने नाथांवर 'धर्मात्मा' हा चित्रपट काढला. बालगंधर्वांनी नाथांची भूमिका केली. त्या चित्रपटाचा उल्लेख करून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महात्मा गांधींना दिलेल्या उत्तरात परखडपणे लिहिले आहे, की नाथांनी अस्पृश्यांना स्पर्श केला आणि त्यांच्यासोबत जेवले ते जातीला विरोध म्हणून नव्हे. तो विटाळ गंगास्नानाने धुतला जातो, अशी त्यांची श्रद्धा होती म्हणून. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तेथील विद्यार्थ्यांनी हा आक्षेप टाळून नाथांचे गुणगान करणे बरे नव्हे.

आमची चर्चा तीन दिवस चालली. मला जे सुचले ते असे. भारुडाच्या शेवटी नाथांची जनार्दनांच्या नावासह मुद्रा येते. त्या क्षणी सोंग उतरते आणि श्रोत्यांना कळते की बोलणारा पैठणचा एकनाथ आहे. तो दुसऱ्याची जागा बळकावीत नाही, थोडा वेळ तेथे उभा राहतो आणि तसे कबूल करतो. हा नाथांचा प्रामाणिकपणा होय. पण मित्राचे म्हणणेही तितकेच खरे आहे. नाथांना सोंग उतरविता येत होते; ज्याचे सोंग घेतले त्याला सकाळी उठून पुन्हा तोच झाडू हाती घ्यावा लागे. हसू भिंतीत खिडकी पाडू शकते, भिंत पाडायला दुसरीच हत्यारे लागतात. नाथांनी खिडकी पाडली, ही गोष्ट लहान नाही. पण तिला दरवाजा म्हणू नये. सरतेशेवटी आम्ही विंचू सादर केला. जोहार करायचा की नाही, आणि केला तर कोणी, हे ठरविण्याचा अधिकार त्या मित्राचा, असे सर्वांनी मानले.

१५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. तो दिवस आज नाथषष्ठी म्हणून पाळला जातो. दूरदूरच्या दिंड्या पैठणला येतात आणि अष्टमीला काल्याची हंडी फुटून उत्सवाची सांगता होते. गेल्या षष्ठीला मी तेथे गेले होते. समाधिमंदिराच्या बाहेर, उन्हाने तापलेल्या वाळवंटात एका दिंडीतील पन्नाशीचे गृहस्थ लुगडे नेसून, कपाळाला मळवट भरून दादल्याची तक्रार मांडीत होते. त्यांच्या गद्यात मोबाइल होता, पीकविमा होता, मुलाचे न जमणारे लग्न होते. समोर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. अर्थाचे कडवे आले तेव्हा त्यांतल्याच काहींनी डोळे पुसले. त्या मंडळींना पडदा, तिकीट, खुर्ची यांपैकी कशाचीच गरज पडली नाही. हेच आपले योसे, असे मला वाटून गेले.

ही परंपरा आपल्या भागात कलावंतांनीच जगविली आहे. सिल्लोड तालुक्यातील निरंजन भाकरे यांनी बुरगुंडा गावोगाव नेला आणि त्यातून व्यसनमुक्तीचा प्रचार केला. २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना आपल्यातून नेले. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांनी पुरुषांचा समजला जाणारा हा फड बाईच्या आवाजात उभा केला. आणि आपल्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकविणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात पन्नासाहून अधिक माणसे एकट्याने रंगविली. मराठवाड्याच्या बोलीतले ते वऱ्हाड भारूड नव्हे. पण एका माणसाच्या देहात सारा गाव नांदू शकतो, ही जाण या मातीला नाथांपासून आहे.

नाथांचा शेवटचा ग्रंथ भावार्थ रामायण. युद्धकांड चालू असताना त्यांचे अवतारकार्य संपले आणि ग्रंथ अपुरा राहिला. तो पुढे त्यांच्या शिष्याने, गावबाने, पूर्ण केला. परंपरा सांगते की हा गावबा मंदबुद्धीचा समजला जाई. पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला पोरगा. पैठणात एवढे पंडित असताना नाथांचे अर्धे वाक्य पुढे नेण्याचे काम अशाच्या हाती आले. नाथांनी ज्यांना हसवून जवळ बोलाविले, त्यांच्यापैकीच एकाने त्यांची लेखणी उचलली. त्यांनी ज्यांच्या वतीने बोलून पाहिले, त्यांची लेकरे आज स्वतःच बोलत आहेत, लिहीत आहेत, आपल्याच वर्गात बाकावर शेजारी बसली आहेत. नाथांचे अपुरे भारूड आता त्यांच्या तोंडून ऐकावयाचे आहे.